‘जुना खडक’ व वैरागड : एका पोर्तुगीज उल्लेखाची छाननी

चांदा व गडचिरोली ह्या अरण्यप्रदेशाच्या इतिहासास हात घालणारास पहिली अडचण येते ती साधनांची. गोंड राजांचें दप्तर म्हणावें असे रुमाल संशोधकांच्या हातीं आलेले नाहींत. ज्या वंशावळी आहेत त्या बहुतेक इंग्रजी अमलांत वृद्धांच्या तोंडून उतरून घेतलेल्या. आणि फारसी तवारिखांत ह्या भागाचें नांव येतें तें एखाद्या स्वारीच्या किंवा हत्तींच्या निमित्तानें. अशा स्थितींत परकीयांच्या ग्रंथांत ह्या प्रदेशाविषयीं एखादें वाक्य सांपडलें कीं तें उचलून घेण्याचा मोह अनिवार होतो. असें एक वाक्य गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याच्या, १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या ग्रंथांत आहे. त्यावरून, सोळाव्या शतकाच्या मध्यास चांद्याचा गोंड राजा स्वतंत्र असून वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा धनी होता व ह्यास पोर्तुगीजांची समकालीन साक्ष आहे, असें अनुमान काढणें फार सोपें आहे. आम्हीं स्वतः तें एके काळीं काढिलें होतें. आतां तें टिकत नाहीं असें आमचें मत झालें आहे. तें कां टिकत नाहीं, आणि तरीहि तें वाक्य टाकून देण्याजोगें कां नाहीं, हें येथें मांडावयाचें आहे.

ओर्ताचा ग्रंथ संवादरूप आहे. एक पात्र तो स्वतः. दुसरें पात्र रुआनो नांवाचा, स्पेनच्या विद्यापीठांत शिकून नुकताच गोव्यास उतरलेला एक कल्पित वैद्य. रुआनोनें जुन्या ग्रीक व अरब ग्रंथांचा आधार पुढें करावा व ओर्तानें तो अनुभवानें खोडून काढावा, अशी एकंदर रीत. मधूनच अंतोनिया नांवाची दासी हांक मारल्याबरोबर एखादें मूळ किंवा फळ आणून ठेवते. विषय मुख्यत्वें औषधींचा. परंतु ओघांत हस्तिदंत, रत्नें, बुद्धिबळें व दक्षिणेंतील सुलतानांचीं नांवें हींहि येतात. हिऱ्यावरील संवादांत त्यानें दोन मुलुखांतील खाणी सांगितल्या आहेत. एक विजयनगरच्या राज्यांतील. दुसरीविषयीं त्याच्या म्हणण्याचा आशय असा कीं, दक्षिणेंत इमादिशा, म्हणजे ज्याला पोर्तुगीज लोक मादरेमालुको म्हणतात, त्याच्या मुलुखाजवळ एका ‘जेंतियू’ राजाच्या हद्दींत एक खडक आहे. तेथील हिरे संख्येनें फार नसले तरी उत्तम असतात व त्यांस ‘जुन्या खडका’चे हिरे म्हणतात. हे हिरे लिस्पोर नांवाच्या शहरीं भरणाऱ्या मोठ्या जत्रेंत विकावयास येतात. तेथें गुजराती व्यापारी ते घेऊन गोव्याकडे आणि, भाव अधिक मिळत असल्यामुळें, विशेषतः विजयनगराकडे नेतात. ज्या हिऱ्यास निसर्गतःच पैलू आहेत अशाची किंमत कारागिरानें घांसलेल्या हिऱ्याहून जास्त धरीत, हेंहि तो नमूद करतो.

स्थळनिश्चयाचा प्रश्न प्रथम उरकून घेऊं. इमादिशा म्हणजे इमादशाह व मादरेमालुको म्हणजे इमाद-उल्-मुल्क, ह्याविषयीं शंका नको. एक सावधगिरी मात्र ठेविली पाहिजे : पोर्तुगीज बखरकार गुजराथच्या दरबारांतील इमाद-उल्-मुल्कासहि मादरेमालुकोच म्हणतात, त्यामुळें नुसत्या ह्या नांवावर विसंबून वऱ्हाडचा अर्थ करणें धोक्याचें आहे. येथें ‘दक्षिणेंत’ हा शब्द व ‘इमादिशा’ हें रूप जोडीस असल्यामुळें वऱ्हाडच अभिप्रेत आहे. लिस्पोर हें एलिचपूर, आजचें अचलपूर. आरंभींचा स्वर पोर्तुगीज कानांतून गळाला, एवढेंच. ह्या एलिचपुराजवळच्या मुलुखांत, मुसलमानी अमलाबाहेर, हिऱ्याची जुनी खाण म्हणून वैरागडाखेरीज दुसरें नांव पुढें येत नाहीं. पन्ना बुंदेलखंडांत पडतें. संबळपूर पूर्वेस फार दूर. कृष्णाकांठच्या खाणींस वऱ्हाडच्या शेजारच्या म्हणण्याचें कारण नाहीं. वैरागड पूर्वीं चांदा जिल्ह्यांत होतें. १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा निराळा झाल्यापासून तें त्यांत, आरमोरी तालुक्यांत मोडतें. खोब्रागडी व सातनाला ह्यांच्या संगमावर गांव आहे, किल्ला आहे, आणि हिऱ्यासाठीं खणलेल्या जुन्या खाड्यांची नोंद इंग्रजी अमलांतील भूगर्भतज्ज्ञांनीं केलेली आहे. नांवच मुळीं ‘वज्राकर’ ह्या शब्दापासून आलेलें. पहिल्या कुलोत्तुंग चोळाच्या शिलालेखांतील ‘वयिरागरम्’ हेंच असें विद्वान धरतात. म्हणजे अकराव्या शतकांतच खाणीची कीर्ति तामिळ देशापर्यंत पोंचली होती. (वराहमिहिरानें हिऱ्याच्या उत्पत्तिस्थानांत वेणातट सांगितलें आहे, तें वैनगंगेचें म्हणावें कीं कृष्णेचें, हा वाद येथें उकरून काढण्याची आमची इच्छा नाहीं.) सारांश, खडक वैरागडचा, हें आम्हांस मान्य आहे. एलिचपूर तेथून सरळ रेषेनें सुमारें पावणेतीनशें किलोमीटर; जत्रेचा माल येण्यास हें अंतर त्या काळच्या व्यापारांत विशेष नव्हे.

खरा प्रश्न ह्यापुढें आहे. ‘जेंतियू’ राजा म्हणजे कोण? ज्यांनीं ह्याचें भाषांतर ‘गोंड राजा’ असें मनांतल्या मनांत करून टाकिलें, त्यांनीं शब्दाचा इतिहास पाहिला नाहीं. आणि हा शब्द पोर्तुगाल देशाच्या राजकीय इतिहासांत शिरल्याशिवाय समजण्याजोगा नाहीं.

पोर्तुगालचें राज्य उभें राहिलें तें मुसलमानांशीं लढून. आफोंसु एन्रिकेश ह्यानें ११४७ सालीं लिस्बन घेतलें. १२४९ सालीं फारो पडून दक्षिणेकडील समुद्रापर्यंत राज्य पोंचलें. १४१५ सालीं सेउता घेऊन तीच लढाई समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेली. तीनशें वर्षें ज्या राष्ट्राची सीमा व धर्मयुद्धाची सीमा एकच होती, त्याच्या भाषेंत मनुष्यजातीचे विभागहि त्याच रेषेवर पडले. ‘मोरू’ म्हणजे मुसलमान, मग तो मोरोक्कोचा असो, हबशी असो कीं दौलताबादचा. ‘जेंतियू’ म्हणजे जो मुसलमान नाहीं, यहुदी नाहीं व ख्रिस्तीहि नाहीं असा बाकी सर्व. १४९८ सालीं वास्को द गामा कालिकतास उतरला तेव्हां त्याच्या मंडळीस हा तिसरा वर्गहि नीट माहीत नव्हता. त्यांनीं तेथील देवालयास ख्रिस्ती मंदिर समजून नमस्कार केला, ही गोष्ट वाचकांच्या परिचयाची आहे. पुढें १५१० सालीं गोवें घेतल्यावर व विजयनगरशीं संबंध जडल्यावर हा शब्द रूढ झाला. पण त्यांत जातीचा, कुळाचा किंवा राजवंशाचा भेद कधींच आला नाहीं. विजयनगरचा राय जेंतियू, कालिकतचा सामुरी जेंतियू, गोव्याचा कुळवाडीहि जेंतियू. तेव्हां ओर्ताच्या वाक्यांतून इतकेंच निघतें कीं खाणीचा धनी मुसलमान नव्हता. तो गोंड होता कीं माना होता कीं आणखी कोणी, हें त्या शब्दास विचारूं नये. त्यास तें सांगतां येत नाहीं.

आतां, ही माहिती ओर्तास कोणी दिली? तो स्वतः वऱ्हाडांत किंवा त्याच्या पलीकडे गेल्याचा उल्लेख त्याच्या ग्रंथांत आमच्या पाहण्यांत नाहीं. १५३४ सालीं मार्तीं आफोंसु द सोझ ह्याच्याबरोबर तो हिंदुस्थानांत आला. किनाऱ्यावरील मोहिमांत हिंडला. गोव्यांत वैद्यकी करून राहिला. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्यानें होतें. आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाचा तो वैद्य होता. ह्या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. सामान्य पोर्तुगीज लेखक दक्षिणेंतील सुलतानांस त्यांच्या जुन्या बहामनी पदव्यांनीं ओळखतात : निजामालुको, इदलकांव, कोतामालुको, मादरेमालुको. ह्यांतहि राजकारण आहेच. अमिराची पदवी कायम ठेवून राजपद न मानण्याची सोय त्यांत होते. ओर्ता मात्र निजामोशा, इमादिशा अशीं दरबारी रूपें देतो, आणि मग ‘आम्ही ज्यास मादरेमालुको म्हणतों’ अशी पुस्ती जोडतो. गोव्याच्या बाजारांत ऐकलेली गोष्ट असती तर नांव आधीं गोव्याचें आलें असतें. तेव्हां हा मजकूर त्यास अहमदनगरच्या दरबारांत किंवा तेथील जवाहिऱ्यांकडून मिळाला असावा असें आम्हांस वाटतें. हें अनुमान आहे, पुरावा नव्हे. परंतु तें मान्य केल्यास कालनिर्णयावर त्याचा मोठा परिणाम होतो.

तो असा. बुऱ्हाण निजामशाहा १५५३ च्या अखेरीस वारला. म्हणजे ग्रंथ १५६३ चा असला तरी त्यांतील ही बातमी पंधरा-वीस वर्षें आधींची असूं शकते. १५६३ च्या सुमारास वऱ्हाडांत दर्या इमादशाहामागें त्याचा लहान मुलगा नांवाचा गादीवर असून सर्व सत्ता तुफालखानाच्या हातीं जात होती. ओर्ताच्या ह्या वाक्यांत त्याची चाहूलहि नाहीं. तेथें इमादिशा आहे तो जणूं आपल्या मुलुखाचा बिनघोर मालक आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचें साल हें त्यांतील प्रत्येक बातमीचें साल नव्हे, ही गोष्ट आपण मराठी बखरींच्या बाबतींत कटाक्षानें पाळतों; छापील फिरंगी ग्रंथ हातीं आला कीं मात्र विसरतों.

ओर्ता विश्वासू साक्षीदार आहे कीं नाहीं, ह्याचा निकाल एका शब्दांत देतां येत नाहीं. जेथें स्वतःच्या हातानें पाहिलें तेथें त्याच्याइतका निर्भीड लेखक त्या शतकांत दुर्मिळ. हिरा बोकडाच्या रक्तानेंच फुटतो, ह्या जुन्या समजुतीची तो थट्टा करतो व हातोड्यानें हिऱ्याचा चुरा होतो असें सांगतो. हिरा विषारी आहे ही समजूतहि त्यानें खोटी ठरविली, व तीहि कशावरून, तर चोरीसाठीं हिरे गिळणाऱ्या गुलामांस कांहीं होत नाहीं ह्यावरून! परंतु तोच ओर्ता खाणीविषयीं बोलूं लागला म्हणजे सांगतो कीं, खणून रिकामी केलेली जागा दोन-तीन वर्षें तशीच ठेविली तर तेथें पुन्हा हिरे तयार होतात. जो रुआनोस ग्रंथप्रामाण्याबद्दल दामटतो, तोच खाणकामकऱ्यांची ही कथा निमूटपणें उतरून घेतो. कारण उघड आहे : हिरा त्याच्या हातांत आला होता, खाण त्यानें पाहिली नव्हती. जत्रेचें नांव, व्यापाऱ्यांची जात, मालाची प्रत, भाव ह्या बाबतींत आम्ही त्याच्यावर भरंवसा ठेवूं. खाणीच्या धन्याविषयीं तितका ठेवणार नाहीं. तो माल तिसऱ्या-चौथ्या हातानें पाहत होता, आणि धनी त्याहूनहि लांबून.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, धनी जेंतियू होता एवढें जरी खरें, तरी सोळाव्या शतकांत त्या भागांत चांद्याचे गोंड राजे होतेच. मग दुसरा कोण असणार? येथेंच ऐन-ए-अकबरी आडवी येते. वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत अबुल फजल चांद्याच्या बाबजीचा, म्हणजे गोंड राजा बाबाजी बल्लाळशाह ह्याचा उल्लेख करतो. एक हजार घोडेस्वार व चाळीस हजार पायदळ त्याच्याजवळ असल्याचें सांगतो. हिऱ्याची खाण असलेलें व चित्रविचित्र कापड विणलें जाणारें वैरागड त्याच्या ताब्यांत आहे असें म्हणतो. आणि लगेच पुढें सांगतो कीं, हें ठिकाण त्यानें दुसऱ्या एका राजाकडून थोड्याच काळापूर्वीं हिसकावून घेतलें. ही माहिती सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतील. ‘थोडा काळ’ म्हणजे पांच वर्षें कीं पंधरा, हें अबुल फजल सांगत नाहीं. पण ओढून ताणूनहि तो पन्नास वर्षांचा होत नाहीं. मग ओर्ताची बातमी १५४० च्या आसपासची धरा किंवा १५६३ ची धरा, त्या वेळीं वैरागडचा धनी चांद्याचा राजा नसून तो ‘दुसरा’ असण्याचाच संभव अधिक. ज्या वाक्याचा आधार चांद्याच्या गोंडांच्या वैभवास म्हणून घेतला जातो, तें वाक्य बहुधा त्यांच्या पराभूत शेजाऱ्याविषयीं बोलत आहे.

हा दुसरा राजा कोण? वैरागड, सुरजागड, माणिकगड येथें गोंडांपूर्वीं माना राजांचा अंमल होता अशी परंपरा चांद्याकडील नोंदींत आढळते. लुसी स्मिथ ह्यांनीं १८६९ च्या आपल्या जमाबंदीच्या अहवालांत ह्या प्रदेशाच्या दंतकथांस प्रथम पद्धतशीर रूप दिलें. १९०९ चें बेग्बी व नेल्सन ह्यांचें चांदा जिल्ह्याचें गॅझेटियर बरेंचसें त्यांच्यावर उभें आहे. लुसी स्मिथ ह्यांचे श्रम मोठे आहेत, व त्यांनीं लिहून ठेविलें नसतें तर तेंहि आज हातीं नसतें. परंतु परंपरेनें मिळालेल्या नांवांस त्यांनीं जी सालवार मालिका जोडली ती नंतरच्या लेखकांनीं शिलालेखासारखी प्रमाण मानली, हें ठीक झालें नाहीं. मानांचा अंमल गोंडांनीं फार पूर्वींच मोडला असें ही मालिका धरून म्हणावें, तर ऐन मधील ‘दुसऱ्या राजा’स जागा उरत नाहीं. अकबराच्या कारकुनास चांद्याच्या वंशावळीशीं कांहीं देणेंघेणें नव्हतें. म्हणून त्याचें सहज पडलेलें वाक्य आम्ही अधिक मोलाचें समजतों.

फिरिस्त्याचा आधारहि येथें फार काळजीनें वापरला पाहिजे. अहमदशाह वली बहामनी ह्यानें माहूरवर स्वारी केली तेव्हां कलम येथील हिऱ्याची खाण घेतली, असें फिरिस्ता सांगतो; ती १४२५ च्या सुमाराची गोष्ट. ह्या कलमास वैरागड समजून पंधराव्या शतकापासून खाण मुसलमानी अमलांत होती असें कोणी म्हणतात. पण ऐन मध्यें कलम हा वऱ्हाडचा एक सरकार म्हणून निराळा आहे व वैरागड निराळें. दोन्ही नांवें एकाच ग्रंथांत शेजारीं शेजारीं असतां तीं एकाच जागेचीं मानणें बरें नव्हे. कलमच्या ठाणेदाराच्या हुकमतींत त्या वेळीं वैनगंगेपलीकडची खाण आली असेल, हें संभवतें; पण आली असली तरी ओर्ताच्या वेळीं ती पुन्हा बाहेर गेली होती, एवढें त्याच्या वाक्यावरून निश्चित होतें. ह्या एका मुद्द्यावर ओर्ताची साक्ष स्वतंत्र व उपयोगी आहे, आणि तिचा हा उपयोग कोणी करीत नाहीं, ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

दुसरी साक्ष म्हणून कित्येकदां डच प्रवासी लिन्स्कोटेन ह्यास उभें करतात. तो १५८३ पासून पांच-सहा वर्षें गोव्यांत आर्चबिशपाच्या पदरीं होता; त्याचा ग्रंथ १५९६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतहि दक्षिणेंतील जुना खडक आहे, लिस्पोरची जत्रा आहे, तेथें माल घेणारे गुजराती आहेत. परंतु ताडून पाहिल्यास ही स्वतंत्र साक्ष नव्हे, ओर्ताचीच नक्कल आहे असें दिसतें. त्यानें लिहिलें त्या वेळीं इमादशाही उरलीच नव्हती व विजयनगरचा बाजार उद्ध्वस्त झाला होता. एका माणसाचें बोलणें दोन पुस्तकांत आलें म्हणून माणसें दोन होत नाहींत. तसेंच, युरोपांत ओर्ता वाचला गेला तो मूळ पोर्तुगीजांत नव्हे. क्लुसियस ह्यानें १५६७ सालीं अँटवर्प येथें त्याचा लॅटिन सारांश छापला, संवाद मोडून टाकून प्रकरणें केलीं, आणि जगानें तोच ओर्ता समजला. मूळ गोव्याची प्रत मुद्रणदोषांनीं इतकी भरलेली आहे कीं तिच्या शुद्धिपत्रासच कित्येक पानें लागलीं. ज्यास ह्या विषयावर लिहावयाचें असेल त्यानें निदान काउंट फिकाल्यो ह्याची १८९१ ते १८९५ मधील लिस्बनची सटीप आवृत्ति पाहावी. मार्कहॅमचें १९१३ चें इंग्रजी भाषांतर सोयीचें आहे, पण शब्दावर वाद घालण्यास पुरेसें नाहीं.

येथें सहजच प्रश्न येतो कीं ओर्तानंतर पोर्तुगीजांनीं ह्या खाणीचा अधिक शोध कां घेतला नाहीं? हिऱ्याचा लोभ त्यांस नव्हता असें नाहीं. उत्तर त्यांच्या राज्याच्या घडणींत आहे. हें राज्य बंदरांचें, किल्ल्यांचें व समुद्रावरच्या परवान्यांचें होतें. घाटाच्या वर त्याचा हात वकील, वैद्य, भाडोत्री गोलंदाज व पाद्री ह्यांच्यापुरताच पोंचे. मालाचा उगम कोठें, हें जाणण्याचें त्यास कारण पडत नसे. माल बंदरांत आला म्हणजे पुरे. त्यांत १५६५ सालीं राक्षसतागडीच्या लढाईनें विजयनगर बुडालें व उत्तम हिऱ्यांचा मोठा गिऱ्हाईक नाहींसा झाला. १५७० सालीं आदिलशाहानें गोव्यास व निजामशाहानें चौलास वेढा घातला. ते वेढे उठले, तह झाले, आणि तीनच वर्षांनीं, १५७४ सालीं, मुर्तजा निजामशाहानें वऱ्हाड गिळंकृत केलें. लिस्पोरच्या जत्रेचा यजमानच गेला. इकडे पोर्तुगालांत सबास्तियांव राजा १५७८ सालीं मोरोक्कोंत मारला गेला, १५८० सालीं मुकुट स्पेनच्या दुसऱ्या फिलिपाकडे गेला, आणि साठ वर्षें पोर्तुगीजांस स्पेनचे शत्रु आपले म्हणून अंगावर घ्यावे लागले. १६४० सालीं ते पुन्हा स्वतंत्र झाले तेव्हां हिऱ्याचा व्यापार गोवळकोंड्याच्या खाणींकडे वळलेला होता. टाव्हर्निए सतराव्या शतकाच्या मध्यास खाणी पाहत हिंडला, पण त्यानें वर्णिलेल्या खाणींत वैरागड नाहीं.

आणखी एक कारण आहे. तें ओर्ताच्या स्वतःच्या घराशीं निगडित आहे. त्याचे आईबाप १४९२ सालीं स्पेनमधून घालविलेले यहुदी. पोर्तुगालांत १४९७ सालीं त्यांच्यासारख्या हजारोंस बळानें ख्रिस्ती केलें गेलें. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन बसलें, आणि तीन वर्षांनीं ओर्ताचा ग्रंथ व्हाइसरॉयच्या मेहेरबानीच्या छायेंत बाहेर पडला. तो १५६८ सालीं वारला. पुढल्याच वर्षीं त्याची बहीण कातारीना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळलें. आणि १५८० सालीं त्याच्या स्वतःच्या अस्थि उकरून काढून जाळण्यांत आल्या. ज्या समाजाच्या हातीं दूरदूरच्या जवाहिऱ्यांशीं देवघेव करण्याची विद्या व ओळखी होत्या, तोच समाज राज्यानें संशयित ठरविला. ओर्तानें आपली माहिती कोणाकडून मिळाली तें वारंवार मोघम ठेविलें आहे, ह्याबद्दल त्यास बोल लावण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें. नांव उच्चारणें हें त्या गोव्यांत नेहमींच निर्धोक नव्हतें.

शेवटीं कागदांविषयीं दोन शब्द. आमच्या वाचकांस तो भाग अधिक जवळचा वाटेल. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली. रघूजी भोसल्यांनीं १७५१ सालीं नीळकंठशाहाचें चांदें घेतलें. बारा वर्षांच्या अंतरानें मराठ्यांनीं दोन जुन्या सत्ता उखडल्या. पहिलीविषयीं दोन्ही बाजूंची इतकी पत्रें आहेत कीं मोर्चे व सुरुंग दिवसवार मांडतां येतात. दुसरीविषयीं चार ओळी मिळाल्या तरी आनंद होतो. पोर्तुगीज राज्य महिन्यांच्या प्रवासाइतक्या लांबून पत्रांवर चाले. दरसाल मान्सूनच्या गलबतांबरोबर राजाचीं पत्रें येत, उत्तरें जात, नकला राहत, व त्यांच्या वह्या बांधल्या जात. १७५५ च्या भूकंपांत लिस्बनच्या ‘हिंदुस्थान-कचेरी’चें दप्तर नष्ट झालें, तरी गोव्याच्या वह्यांनीं पुष्कळ भरून काढिलें. पिसुर्लेकरांनीं जन्मभर त्या वह्या उलगडून मराठ्यांच्या इतिहासास केवढी मदत केली, हें सांगणें नकोच. परंतु ह्याच वैपुल्यामुळें आपणांस वाटूं लागतें कीं फिरंगी कागदांत सर्व कांहीं असावें. ज्या राज्याचें तोंड समुद्राकडे होतें त्याच्या कागदांत वैनगंगेच्या कांठचा वृत्तांत ओझरताच येणार. ओर्ताचें वाक्य हा त्यांतील अपवाद, आणि तोहि बाजारभावाच्या ओघांत पडलेला.

म्हणून ह्या वाक्याचा आमच्या मतें एवढाच विनियोग करावा : बुऱ्हाण निजामशाहाच्या अखेरच्या काळापासून १५६३ पर्यंतच्या दरम्यान केव्हां तरी वैरागडची खाण चालू होती, ती इमादशाहीच्या बाहेर, मुसलमानेतर राजाच्या ताब्यांत होती, आणि तिचा माल एलिचपुरास विकला जाई. चांद्याचें नांव त्यांत घालूं नये. तें नांव बाबाजी बल्लाळशाहाच्या कारकीर्दींत, ऐन च्या आधारानें, प्रथम येतें.

उरतो तो ‘दुसरा राजा’. त्याचें नांव गोव्यांत किंवा लिस्बनांत मिळण्याची आशा आम्ही ठेवीत नाहीं. आरमोरी, कुरखेडा, गडचिरोली ह्या बाजूच्या जुन्या जमीनदारांच्या व पाटलांच्या घरीं वतनाच्या तंट्यांचे कागद असतील, व अशा तंट्यांत वादी आपला हक्क किती पिढ्यांचा व कोणत्या राजानें दिलेला, हें सांगत असतो. तेथें वैरागडच्या गोंडपूर्व धन्याचें एखादें नांव तोंडीं पुराव्याच्या रूपानें का होईना उतरलेलें असूं शकेल. असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं सालाची खाडाखोड न करितां, आहे तशी नक्कल त्रैमासिकाकडे पाठवावी; मोडींतील संशयित अक्षरें संशयितच ठेवावीं.